सत्तावीस नंबरचं बिऱ्हाड

३ एप्रिल
मीच हट्ट केला! खिडकीबाहेरचं ते वाळकं झाड तोडा एकदाचं. ठकी दोन महिन्यांची, तिच्या पाळण्याला घरात एकच कडी, ती त्याच खिडकीशी. वारा आला की मी तिला उचलून आत पळते. हे म्हणाले, "इतकी वर्षं उभं आहे, आत्ताच कशाला पडेल?" मी रडले. मग ह्यांनी रंगाचा डबा आणला आणि आकडा घातला — २७. जंगलखात्यात तोडायच्या झाडांवर आकडे घालायचं ह्यांचं कामच. तोडणारी टोळी पुढच्या महिन्यात येईल.

५ एप्रिल
झाडाखाली ढलपेच ढलपे. म्हटलं, किडलं! वर बघते तर सुतारपक्षी. कावळ्याएवढा, काळा कुळकुळीत, लाल टोपी. त्याच्या बायकोला लाल नुसतं डोक्यामागे. पाळी लावून भोक पाडतात. एक दमला की दुसरा. कुरकुर नाही!

१९ एप्रिल
ढलपे थांबले. अंडी असणार. दिवसा आलटून पालटून बसतात, पण अंधार पडला की टोपीवालाच आत. सकाळपर्यंत तोच! ह्यांना म्हटलं, बघा जरा.
"त्याला सकाळी कामावर जायचं नसतं."
सासूबाई आतून ओरडल्या, "तुला सुट्टी असली तरी ठकीचे लंगोट मीच धुते!"
किती हसलो.

२ मे
पिल्लं! खोडाला कान लावला — आत आधण आल्यासारखी कुजबुज. आनंदाने उड्या मारल्या. मग आकडा दिसला. माझ्यामुळेच तो.

४ मे
हे म्हणतात, घातलेला आकडा मला पुसता येत नाही, साहेबच पुसतील. टोळी बारा तारखेला.

९ मे
साहेब आले. सुतार नेमके गायब! "बाई, भोकं काय सगळ्याच वाळक्या झाडांना असतात." म्हटलं, कान लावा. त्यांनी लावला. काही नाही! मी धावत पळी आणली, खोडावर हळूच टकटक केलं. पिल्लांना वाटलं आई आली — आत एकच गलका! साहेब लहान पोरासारखे हसले.
"आणि झाड तुमच्यावर पडलं म्हणजे?"
"राहू द्या. आम्हीपण लेकुरवाळेच."
आकड्यावर फुली मारली त्यांनी, तोडणं रद्द!

१० मे
काय बोलून बसले मी!! झाड तिथेच, पाळणाही तिथेच.

३० मे
तिसरं पिल्लूपण उडालं. आधी तासभर डोकं बाहेर-आत, बाहेर-आत. भित्रं. अगदी माझंच. टोपीवाला चोचीत खाऊ घेऊन समोरच्या फांदीवर — देईना! मग गेलं एकदाचं. ठकीला हात धरून टाळ्या वाजवायला लावल्या. सासूबाई म्हणाल्या, "घरात लग्न आहे का?"

२ जून
दुपारी वारा वाढला. ठकीला उचलून आतल्या खोलीत गेले. झाड पडलं. खिडकीवरच. पाळण्याचा चुरा.
ठकी मांडीवर झोपलेलीच. हे धावत आले, तोंड पांढरंफटक, दारातच बसले. मीच त्यांना पाणी दिलं.