कानामागची खळगी

अनुराधपूर, लंका
३ ऑगस्ट १९७४

ती. मनोहरदादास गोपिकेचा सविनय जयभीम, वि. वि.

सुखरूप पोचली. रामेश्वरहून बोट निघाली तशी आपल्या गल्लीतल्या रंभाबाईनं जे डोळे मिटले, ते किनारा आल्यावरच उघडले. माय विचारत होती ना, समुद्र अंबाझरीच्या तळ्याएवढा असंन का म्हणून? तिले सांग, अशा हजार अंबाझऱ्या ओतल्या तरी त्याचा कोपरा भरणार नाही.

इथं बायका पांढरं नेसून, कमळं घेऊन बोधिवृक्षापाशी येतात. त्याची फांदी सम्राट अशोकाच्या लेकीनं, संघमित्रेनं आणली. आधी भाऊ महिंद आला, मग मागून बहीण. मी पायरीवर बसून मनात म्हटलं, बाई, तू भावाच्या मागं राहायले आली, मी तर माझ्या भावाले घरी न्यायले आली.

अनंता भेटला. चवदा वर्षांचा असताना आपण त्याले संघात दिला, वस्तीनं केवढी मिरवणूक काढली होती! आता तो भंते सुमेध आहे. हुबेहूब आपल्या बापासारखा दिसते. मी धावत जाऊन हात धरणार, तर तो दोन पावलं मागं सरला. भिक्षूले बाईमाणसाचा स्पर्श चालत नाही, आईचाही नाही. मले हे ठाऊक होतं गा, पण हात विसरून गेला. मग मीच त्याच्या पायापुढं डोकं टेकलं अन् धाकट्या भावाचा आशीर्वाद घेतला.

मायचे डोळे गेले, ती अंथरुणाले खिळली, सारं सांगितलं. पण वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, विहार सोडता येत नाही म्हणते. विहाराच्या थोरल्या भंतेंना, महाथेरांना विचारतो म्हणाला. मायले सांभाळ. बहिणीवर माया आहेच, ती वाढव.

तुझी
गोपिका

---

इंदोरा, नागपूर
१२ ऑगस्ट १९७४

चि. गोपिका हिले दादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र मिळालं. मायले वाचून दाखवलं. समुद्राचं ऐकून हसली, पण तिचं हसणंही आता खोकल्यातच जाते. अन्न सुटलं. इतवारीत भांड्यांच्या दुकानावर असतो, पण ध्यान घरीच राहते.

तुले एक सांगायचं राहिलं होतं. उन्हाळ्यात तिले भ्रम झाला, सारखी अनंताले हाका मारे. मले पाहवलं नाही म्हणून शेजारच्या मधुसूदनले तिच्याजवळ बसवला अन् सांगितलं, अनंता आला. तिनं त्याचं डोकं चाचपलं. अनंता लहानपणी घाटावर पडला होता ना, त्याच्या उजव्या कानामागं खळगी राहिली, तेल लावताना तिचं बोट नेमकं तिथं जायचं. ते बोट तिथं गेलं अन् खळगी नाही! मधुसूदनच्या अशी थोबाडीत दिली की बिचारा आठ दिवस आपल्या दारातून गेला नाही.

तवापासून तिचा माझ्या शब्दावर भरोसा नाही. म्हणते, आता माझं बोट सांगंन तेच खरं. रोज वाटीत तेल कोमट करून ठेवायले लावते. त्याले लवकर पाठव वं, महाथेरांच्या पाया पड. तू बायकांसंगं यात्रा पुरी करून ये, पण त्याले थांबवू नको. आमची आठवण ठेव.

तुझा
मनोहर

---

तलाईमन्नार
२१ ऑगस्ट १९७४

ती. दादास सविनय जयभीम, वि. वि.

तो निघाला! आईबाप आजारी असले तर वर्षावासातही सात दिवसांची मोकळीक असते, महाथेरांनी लगेच हो म्हटलं. आम्ही साऱ्याजणी त्याले धक्क्यावर सोडायले आलो. बोट दिसेनाशी झाल्यावर मी वाळूतच बसली. कोळी जाळं ओढत होते, गाणं म्हणत होते. एका कोळिणीनं शहाळं दिलं, मी काहून रडून राहिली ते खुणेनं विचारलं. मी बोट समुद्राकडं केलं, तिले काय वाटलं कोण जाणे, तीही रडली.

मायचं तेल कोमट ठेव. तुम्हा दोघांना माझा जीव.

गोपिका

---

इंदोरा, नागपूर
२९ ऑगस्ट १९७४

चि. गोपिकास आशीर्वाद.

माय काल गेली.

अनंता आला होता. सारी वस्ती दारात वाकली. त्याचं डोकं मुंडलेलं, खळगी उन्हात लख्ख दिसत होती, लेकराबाळांनाही दिसली. एका मायलेच दिसत नव्हती. तिनं हात पुढं केला. तो खाटेपासून दोन हात दूर बसला अन् आजाऱ्यासाठी म्हणतात तो परित्राणपाठ म्हणू लागला. मी अनंताच आहे माय, असं सांगत होता, पण त्याची मराठीही आता परक्याची वाटते. मायनं जवळ ये म्हटलं. तो जागचा हलला नाही. मी त्याच्या पायावर पडलो वं गोपिके, नाक घासलं. तो ढसाढसा रडला, पण हलला नाही.

मग माय माझ्याकडं तोंड करून म्हणाली की मनोहर, तू पुन्हा कोणाले तरी आणलं. हात तसाच खाटेच्या काठावर राहिला. सात दिवसांत परतायचं म्हणून अनंता दुसऱ्या सकाळी निघाला. तिनं शेवटपर्यंत हेच विचारलं की माझा अनंता कधी येते. मी काय सांगू?

मनोहर

---

अनुराधपूर
८ सप्टेंबर १९७४

ती. दादास गोपिकेचा जयभीम.

अनंता परत आला तेव्हा माय बोलली एवढंच म्हणाला होता. तुझं पत्र आलं तेव्हा सारं समजलं.

महाथेर काही वर्षं सारनाथला होते, त्यांना हिंदी येते. मी त्यांच्यापुढं सारं ओकली. ते म्हणाले की मायेपोटी आईले हात लावला तर तो लहानसा दोष, संध्याकाळी एका भिक्षूजवळ कबूल केला की संपला. त्यानं जाताना विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं, असंही म्हणाले. एवढंच होतं दादा. एवढंच!

अनंता मागं उभा राहून ऐकत होता. संध्याकाळी मी पायरीवर बसली होती, तो येऊन खालच्या पायरीवर बसला. डोकं पुढं केलं अन् म्हणाला, ताई, तू हात लाव. खळगी माझ्या हाताशी होती. तो संघात गेल्यापासून चवदा वर्षं मीही त्याले शिवली नव्हती. हात उचलला, अन् मागं घेतला. सांगितलं की भंते, हे मायचं होतं, मी कशी घेऊ? अंधार पडला तरी तो तसाच डोकं वाकवून बसला होता. मी उठून आली.

वाटीत तेल उरलं असंन तर फेकू नको, मी येईपर्यंत राहू दे. आता माहेर म्हणजे तूच, दादा.

गोपिका