रेडिओच्या खांबावरची घार

१४ एप्रिल

रेडिओ पुन्हा खरखरला. एफ्रेनचं अर्धंच वाक्य आलं — "जाळी ओढतोय, मग —" आणि पुढे नुसता चुरचुराट. नवऱ्याचं बोलणं अर्धवट ऐकायची मला सवय आहे, पण ती घरी. तो समुद्रावर असताना नाही!

डॉन नाबोर आले. आमच्या मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष; मानानं सगळे 'डॉन' म्हणतात. टोपी मागे सारून खांबाकडे बघत उभे राहिले. वर मीनखाई घारीचं घरटं, खाली माझी रेडिओची खोली, जिथून मी होड्यांशी बोलते.

"एलोइसाबाई, काटक्या, ओलं शेवाळ, जाळ्यांच्या तारा — एवढा संसार अँटेनावर थापल्यावर आवाज यायचा कुठून? काढून टाकू."

"पिल्लं आहेत वर."

"आणि माझी माणसं पाण्यात आहेत."

त्यात माझीही दोन. एका होडीत नवरा, दुसरीत धाकटा भाऊ बालतासार.

१७ एप्रिल

बोलून बसले! भर सभेत उभी राहिले आणि म्हटलं, पिल्लं उडेपर्यंत घरटं राहू द्या, तोवर काही झालं तर जबाबदारी माझी. हात वर झाले. थोडक्यात निभावलं.

परतल्यावर दारातच एफ्रेन म्हणाला, "जबाबदारी म्हणजे काय करणार आहेस? पोहत येणार आम्हाला आणायला?"

बालतासारला हसायला निमित्तच हवं असतं. "भाऊजी, ताईलाच पंख फुटतायत!" मला हसू आलं नाही.

२० एप्रिल

मोठं पिल्लू दांडगट आहे. बाप मासा आणतो, डोकं स्वतः खाऊन उरलेला. आई तुकडे करते आणि हे मोठं धाकट्याला रेटून सगळं गिळतं. धाकटं सरकत सरकत पार कडेला जातं. पडेल ना! मी खिडकीतून "आत हो, आत हो" करत होते, तर बटण दाबलेलंच राहिलेलं. रेडिओवर बालतासार — "आत कुठं होऊ, ताई? आत्ताच तर बाहेर पडलोय!"

सगळ्या होड्या हसल्या असणार. पण ऐकू तरी आलं!

२३ एप्रिल

दिवसभर आवाज स्वच्छ. जेवण गेलं आज.

२७ एप्रिल

मोठं उडालं! उडालं म्हणजे पडलंच — पार पाणी हातभर राहीपर्यंत खाली गेलं आणि मग कसंबसं सावरून बर्फाच्या गोदामाच्या छपरावर जाऊन बसलं. माझा जीव जागेवर यायला वेळ लागला. घरी बीन्स करपले.

धाकटं नुसतं फडफडतं. वाऱ्यानं जरा उचललं की घाबरून खाली बसतं. उड ना रे मेल्या. तुझ्यापायी मी सगळ्या गावाला शब्द देऊन बसलेय.

३० एप्रिल

खरखर. त्यात बापानं मासे आणणं कमी केलंय. आईसुद्धा लांब दगडावर बसून असते. एफ्रेन म्हणतो, उपाशी ठेवूनच उडवतात. पटतं. बघवत नाही.

३ मे

उद्या उडेल. हे मी कालही म्हटलं होतं.

५ मे

हात स्वस्थ राहत नाहीत म्हणून लिहितेय. रेडिओशेजारीच बसलेय.

सकाळी होड्या गेल्या तेव्हा आभाळ निरभ्र होतं. मग धुकं आलं, इतकं की खिडकीतून खांबसुद्धा दिसेना. बाकीच्या होड्या लवकर परतल्या. दोनच राहिल्यात. एफ्रेनची आणि बालतासारची. गावापुढे जमिनीचं टोक समुद्रात घुसलंय, त्याच्या दोन्ही बाजूंना खडक आहेत, वाट चुकली की होडी फुटलीच. संस्थेचा ट्रक असता तर भोंगा तरी वाजवला असता, पण तो बर्फ आणायला गेलाय. मी हाका मारतेय, मारतेय — नुसता चुरचुराट.

डॉन नाबोर दारात उभे राहून खांबाच्या दिशेनं बघत होते. शेवटी मीच म्हटलं, "काढा ते घरटं."

"नक्की?"

"काढा म्हणते ना!"

स्वतः चढले या वयात. धाकट्याला माशांच्या खोक्यात घालून दोरानं खाली सोडलं. मग घरटं ढकललं. केवढा ढीग पडला! पिल्लू सकाळपासून भुकेनं कोकलत होतं, आता तर किंचाळायला लागलं. त्यात रेडिओ ऐकू येईना. मी खोक्यावर माझी शाल टाकली. खोक्यात अंधार झाल्यावर निवलं.

आणि रेडिओ? तसाच! डॉन नाबोरनी भिंतीतली वायर उपसली. आतून हिरवी पडलीय, खाऱ्या हवेनं कुजलेली. घरट्याचा काही संबंधच नव्हता. ते टोपी काढून जमिनीवर बसले. माझ्याकडे बघवेना त्यांना, आणि मला खोक्याकडे.

आता नवी वायर जोडतायत. बाहेर फक्त लाटा. पिल्लू गप्प आहे, तेवढं बरं.

६ मे

काल एफ्रेन पोचला तो होडी बांधायच्या आधीच ओरडला, "पिल्लू का थांबलं? लाटांवरून तेवढाच एक आवाज येत होता, तोच धरून येत होतो! बालतासार मागे आहे. तोही!"

शाल ओढून काढली. पिल्लू खोक्याच्या तळाशी चपटं पडलेलं, मेल्याचं सोंग घेऊन. हलवलं, हातापाया पडले त्याच्या. चोच उघडेना.

मग मी टोकावर गेले.

डॉन नाबोरनी आज खोकं खांबावर बांधलंय. घार अजून फिरकली नाही. बालतासार पिल्लासाठी ताजा मासा घेऊन आला. "काय दम आहे गं याच्यात, ताई! मधे जरा थांबलं, मग मी किनाऱ्याला लागेपर्यंत ओरडत होतं!"

एफ्रेननं माझ्याकडे बघितलं. मी नुसती मान हलवली. काल रात्रीपासून घसा पार बसलाय, आवाजच फुटत नाहीये.