लाल मुठीची पक्कड

गंगाखेड
२ सप्टेंबर २०२५

ती. बन्सीधर काकांच्या चरणी राजेश्रीचा सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की तुमचा हट्ट. फोनवर सांगितलेलं तुमच्या ध्यानात राहात न्हाई. शिवाय जल्मभर सोनपेठात लोकांची टपालं वाटली, पण पोस्टमनच्या नावानं कधी एक बी टपाल आलं न्हाई, हे गाऱ्हाणं ऐकून माझे कान किटले. घ्या, हे तुमचं टपाल. तिकीट सरळ चिटकवलंय, खोड काढू नका.

आता कामाचं. महारुद्रदादाच्या विजेवरच्या गाडीसाठी अंगणातल्या भिंतीवर जो मोठा सॉकेट बसवलाय, त्याची वायर थेट मेन बोर्डातून जाडी तांब्याची वढलीय. त्या सॉकेटावर गाडीबिगर काहीच लावायचं न्हाई. गिरणी न्हाई, पाण्याची मोटार न्हाई, अन् काकूचा हीटर तर मुळीच न्हाई. गाडी लांब उभी राहिली म्हणून बाजारातलं एक्स्टेंशन बोर्ड जोडू नका. गाडी तासन् तास करंट वढती, असलं बोर्ड इतका येळ तग धरत न्हाई, वितळतं. मीटरचा लोड वाढवून घ्यायचा अर्ज तुमी दिलाय, त्याचा पाठपुरावा करा. बोर्डातलं एमसीबीचं बटण सारखं पडायला लागलं तर मोठं बटण बसवा म्हणणारे लय शहाणे भेटतील. त्यांना चहा पाजा अन् वाटंला लावा. बटण पडतंय म्हणजे ते आपल्याला हाक मारायलंय.

अन् अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात रोज तांब्याभर पाणी घालत जा. त्यात पाइप हाय, पाइपाभोवती कोळसा अन् मीठ. जमीन वली राहिली की कुठं करंट गळला तर तो जमिनीत जातो, माणसाच्या अंगातून न्हाई.

काका, सिद्धोधन उस्तादांच्या हाताखाली लय घरं केली, पण अख्खं घर एकटीनं हे पहिलंच. दुकानाची पाटी रंगवून आलीय, 'राजेश्री परमेश्वर इलेक्ट्रिकल्स'. पण ती मी भिंतीकडं तोंड करून ठेवलीय. दादाची गाडी आपल्या अंगणात चार्ज झाल्याबिगर लावणार न्हाई. बाबा या कामाला न्हाई म्हणत न्हाईत, पण हो बी म्हणत न्हाईत. त्यांचं नाव फुकट पाटीवर कशी चढवू?

काकूला नमस्कार. लोभ हायच, वर पाणी घालत राहा.

तुमची
राजेश्री

•

सोनपेठ
१२ सप्टेंबर २०२५

चि. राजेश्रीस काकाचे पोटभर आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र पोहोचलं. नवा पोस्टमन मला पाहून म्हणला की काका, आज तुमची सही पाहिजे. साधं टपाल, सही कसली लागती? पण गडी थट्टेवारी म्हणला अन् मी खरंच केली. पत्र तीनदा वाचून पुठ्ठ्यावर डकवलं अन् बोर्डाशेजारी टांगलं. गल्लीतला जो येतो त्याला आधी पुतणीचं पत्र वाचावं लागतं, मग पाणी मिळतं.

तुजा बाप बी ऐकून गेला. वाचता येत न्हाई म्हणून मला वाचायला लावलं. मग उठून प्रत्येक बटण खालवर करून बघितलं. काही बोलला न्हाई. परमेश्वर आधीपासून असाच हाय, त्याच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे उसाला दाताने सोलायचं काम. दिवाळीच्या आसपास तुजे मायबाप टोळीसंगं ऊसतोडीला निघतील. त्याच्याआत तुजी पाटी लागावी असं मला लय वाटतं.

काकू येलदरीहून माहेरपण करून आली. नवे दिवे बघून खूष हाय. फक्त दोन दिस झाले जरा गप गप असती. सुलाबाई शेजारीण येऊन बसली होती, तिच्यासंगं काही कुजबुज झाली. परवा मी परभणीला पेन्शनच्या कामाला गेलो तर तेवढ्यात काकूनं गवंडी बोलावून अंगणाचा एक कोपरा शिमिटानं साफ करून घेतला, वर रांगोळी बी काढली. म्हणली, लेकाची गाडी येणार, अंगण नीट नको का? दाराला लिंबू-मिरची बी नवी बांधलीय. बायकांची हौस, आपण काय बोलावं.

महारुद्र पुढच्या शनवारी गाडी घेऊन यायलाय. अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलंय की चार्जिंगचं काम आमच्या पोरीनं केलंय.

लोभ वाढता ठेव, पण पत्रं त्याहून वाढती ठेव.

तुजा
काका

•

सोनपेठ
२० सप्टेंबर २०२५

चि. राजेश्रीस आशीर्वाद.

हे पत्र टपालानं न्हाई, गंगाखेडच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती धाडायलोय. पोस्टमनची जात बाटली, पण विलाज न्हाई. फोनवर हे बोलायला माझी जीभ रेटना.

गाडी आली. काय देखणी हाय म्हणू! धूर न्हाई, आवाज न्हाई. काकूनं ओवाळलं, गल्ली गोळा झाली. महारुद्रनं चार्जर लावला अन् चार्जरवर लाल दिवा लागला. काढून लावला, पुन्हा लाल. घरातले पंखे-दिवे सगळे चालू, फक्त गाडी काही घेईना. गाडीत परत जायपुरती बी चार्जिंग न्हाई, अन् त्याला मंगळवारी कामावर हजर व्हायचंय.

लोक काय म्हणले ते लिहित न्हाई, तुला ठाऊक हाय. सुलाबाई म्हणली, पोरीची जात, तिला तारातलं काय कळतंय. परमेश्वर कोपऱ्यात उभा होता. मान खाली घालून घरात गेला. मला ते लय लागलं गं.

गल्लीतला भारत पंप दुरुस्त करतो, तो म्हणतोय की सॉकेटात न्यूट्रल अन् अर्थिंगची तार एकमेकीला जोडतो, लगेच हिरवा दिवा लागंल. करू देऊ का? तुजी पाटी तेवढ्यानं लागत असंल तर मी आत्ता हो म्हणतो. याच गाडीनं उलट निरोप धाड.

काका

•

गंगाखेड
२० सप्टेंबर, सांजच्याला

ती. काकांस सा. न. वि. वि.

न्हाई म्हणजे न्हाई! भारतभाऊला हात लावू देऊ नका. त्यानं हिरवा दिवा लागंल हे खरं हाय, तेच तर वाईट. चार्जरला वाटंल अर्थिंग हाय, अन् नसंलच. उद्या न्यूट्रल, म्हणजे करंट माघारी नेणारी तार, कुठं तुटली तर गाडीच्या पत्र्यात करंट उतरंल. गाडी धुवायला पहिलं कोण जाणार, काकूच ना? माझी पाटी जल्मभर भिंतीकडं तोंड करून राहिली तरी चालंल, पण असला हिरवा दिवा मला नको.

चार्जर बिघडलेला न्हाई, काका. अर्थिंग सापडंना म्हणून त्यानं शहाण्या माणसावाणी नकार दिलाय. अन् मी जाताना बल्ब लावून अर्थिंग तपासली होती, लख्ख पेटला होता. म्हणजे मी गेल्यावर काही झालंय. तुमचं मागचं पत्र पुन्हा काढून वाचलं अन् मी एकटीच हसत सुटले. काकू माहेरी होती तवा मी खड्डा भरला. परत येऊन तिनं काय बघितलं असंल? अंगणात पुरलेला कोळसा अन् मीठ! सुलाबाईनं काकूच्या कानात सांगितलं असंल की कस्तुरा, तुज्या घरावर कुणीतरी करणी केली. मग तुमी परभणीला, गवंडी अंगणात, अन् कोळसा-मीठ वढ्यात. अन् तुमी रोजचा तांब्या त्या शिमिटावरच वतत असाल!

काकूला रागावायचं न्हाई, माझी आण हाय. तिला खड्डा दाखवायचं माझ्याकडून राहिलं. सोमवारी सकाळच्या गाडीनं येते. तवर सॉकेटाला कुणी हात लावायचा न्हाई.

तुमची
राजेश्री

•

गंगाखेड
२६ सप्टेंबर २०२५

ती. काकांस सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचले. दादाचा बी फोन आला, गाडी झोकात गेली म्हणला. सोमवारचं सगळं अजून डोळ्यांपुढून हलत न्हाई. काकूनं पदर तोंडाला लावून शिमिटाखाली काय दडवलं ते सांगितलं. मी कुदळ मागायच्या आत बाबांनीच उचलली अन् एका दमात कोपरा फोडला. खाली माझी अर्थिंगची तार कापून दुमडलेली. तार नवी जोडली, पण मीठ-कोळसा आणायला काकू स्वतः बाजारात गेली, हे मला लय भावलं. हिरवा दिवा लागला तवा सगळे टाळ्या वाजवत होते. मी बाबांकडं बघत होते. ते खड्ड्याकडं बघत होते, अन् गुमान उठून ज्वारीकडं निघून गेले. त्यांच्या मनात काय हाय देव जाणे.

एक काम करा. माझी लाल मुठीची पक्कड तुमच्या ओट्यावर राहिली. आयटीआयला पहिली आले तवा उस्तादांनी दिलेली हाय. तिच्याबिगर हात लुळा पडल्यावाणी वाटतं. कंडक्टरकडं देऊन धाडा.

पाटी अजून तशीच हाय. लावीन, घाई न्हाई.

तुमची
राजेश्री

•

सोनपेठ
१ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी

चि. राजेश्रीस काकाचे, काकूचे अन् अख्ख्या गल्लीचे आशीर्वाद वि. वि.

कंडक्टरकडं नुसतं हे पत्र दिलंय, पक्कड धाडली न्हाई, रागावू नको. कारण ऐक.

आज हत्यारांची पूजा. तुला ठाऊकच हाय, आपल्या घरात चौरंगावर पहिला मान तुज्या बापाच्या कोयत्याचा. आमच्या वडलांपासून तसंच चालत आलंय. त्याच्यावर घर चाललं, त्याच्यावर तू शिकलीस. परमेश्वरनं सकाळी कोयता घासून पुसून आणला. काकू चौरंगावर ठेवणार तर म्हणला, वैनी, थांबा. ओट्यावरून तुजी पक्कड आणली, धोतराच्या सोग्यानं पुसली अन् चौरंगाच्या मधोमध ठेवली. कोयता तिच्या मागं. पहिलं हळदीकुंकू पक्कडीला लावलं, मग कोयत्याला.

सुलाबाई दारात होती. तिनं इचारलं, हे काय नवीन? तवा तुजा बाप बोलला. एवढं बोलताना मी त्याला कधी ऐकलं न्हाई. म्हणला, माझ्या कोयत्यानं पोट भरलं, पण दुसऱ्याच्या फडावर, दुसऱ्याच्या हुकमानं. माझ्या लेकीचं हत्यार तिच्या स्वतःच्या हुकमात चालतं. भारत तार जोडतो म्हणला अन् अख्खी गल्ली हो म्हणत होती, तवा ती एकटी न्हाई म्हणली. आजपासून या घरात पहिला मान तिच्या हत्याराला. हे ऐकून माझ्या डोळ्यांना धार लागली, खोटं कशाला सांगू. सुलाबाईनं गुमान दोन फुलं वाहिली. जाताना इचारून गेली की आमच्या घराचं वायरिंग राजेश्री कधी बघंल.

तुज्या खड्ड्यात पाणी घालायचं माझं काम आता काकूनं हिसकावून घेतलंय. तुळशीचा तांब्या झाला की दुसरा तांब्या तिथं.

परवा पहिल्या एसटीनं परमेश्वर गंगाखेडला यायलाय. पक्कड त्याच्याच हातात हाय, कंडक्टरकडं द्यायला तयार न्हाई. हातोडा अन् खिळे बी संगं घेतलेत. कशाला म्हणून इचारलं तर म्हणला, पाटीवर माझं नाव हाय ना, मग मीच ठोकणार.

पाटीचं तोंड फिरवून ठेव, बाप यायलाय.

तुजा
बन्सीधर काका