सालोमीचं पान

रेल्वे क्वार्टर्स, पूर्णा
ता. १ ऑक्टोबर १९८३

आदरणीय राहेल अक्का यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, यहेज्केलचा, प्रभूच्या नावात सलाम. गुडघे कसे आहेत? दवाखान्यातून दिलेलं तेल चोळता की बाटली नुसती उशाशी ठेवता? मी बरा आहे. बरा म्हणजे सकाळी उठतो, पार्सल ऑफिसात जातो, संध्याकाळी येऊन कुलूप काढतो. सालोमी मे महिन्यात जाईपर्यंत आमच्या दाराला कुलूप कधी लागलंच नव्हतं, त्यामुळं किल्ली कोणत्या खिशात ठेवायची हे अजून ठरलेलं नाही.

दरसालप्रमाणे तुम्ही पितर पंधरवड्यासाठी पाठवलेली ‘मेलेले जेवायला येत नाहीत’ ही पत्रकं पोचली. (औंदा छपाई कच्ची आहे, हात काळे होतात.) आजवर मी ती भर भादव्यात दारोदार वाटली. लोक अदबीनं घ्यायचे आणि त्यावर वडे निथळत ठेवायचे. औंदा मात्र गठ्ठा ट्रंकेवर पडून आहे. ती वाटली का नाहीत असं तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच सांगतो, आणि या प्रकरणात माझा कसूर कितपत, ते तुम्हीच ठरवा.

अक्का, या पंधरवड्यात कॉलनीत राहणं फार जड जातं. चांगलं काही बोलायचं नाही, नवं काही आणायचं नाही, कारण पितरं घराघरात उतरलेली असतात म्हणे. भरदुपारी सगळी गल्ली चिडीचूप, नुसता वड्यांचा आणि गवारीच्या भाजीचा वास, आणि पत्र्यापत्र्यावर कावळे. शेजारच्या किशनरावाचा (लोको शेडमध्ये फिटर आहे) बाप उभ्या जन्मात कुणाशी गोड बोलला नाही, पण त्याच्या पानावर कावळा असा पडला की पान ठेवणाऱ्याचं बोट वाचलं हेच नशीब. सगळ्यांचे मेलेले येतात, जेवतात, जातात. आपल्यात माती दिली, गीत म्हटलं, की संपलं. आपले लोक प्रभूजवळ सुखात आहेत हे मी रविवारी उभा राहून मंडळीला सांगतो. पण सुखात असलेल्या माणसानं वर्षातून एकदा तरी डोकावावं, असं मला औंदा वाटलं. वाटलं ते लिहिलं. रागावू नका.

तर किशनरावाची धुरपताबाई भिंतीवरून म्हणाली, “भाऊ, शुक्रवारी अविधवा नवमी हाय. सालूबाई सवाष्ण गेली. तिचं पान मी ठेवायलाय.” नवरा हयात असताना गेलेल्या बायकांची ही तिथी. मी पहिली आज्ञा सांगितली, दुसरी सांगितली. ती पदरानं हात पुसत ऐकत होती. मग म्हणाली, “ते समदं खरं. पण तिला आवडायचं काय, तेवढं सांगा. आवडीचं नसलं तर कावळा शिवत न्हाई.” आता एवढ्या साध्या प्रश्नाला उत्तर देण्यात काही मूर्तिपूजा नाही. मी ताबडतोब म्हणालो, सुकट.

पंधरवड्यात तिच्या चुलीवर सुकट चढणार नव्हती. तेव्हा ती मी परतली. (केवळ स्वयंपाक म्हणून. मीठ जास्त झालं.) पान तिनं वाढलं, आमच्या पत्र्यावर तिनं ठेवलं, मी शिडी तेवढी धरली. धरण्याआधी भोजनाची प्रार्थना केली, की हे अन्न जो कोणी खाईल त्याला आशीर्वादित कर. त्यात कावळ्याचं नाव घेतलं नाही.

कावळे आले. पत्र्याच्या कडेला ओळीनं बसले, पानाकडं पाहिलं, आणि किशनरावाच्या पत्र्यावर उडून गेले. धुरपताबाईनं का-का करून हाका मारल्या. मग गल्ली जमा झाली. सुकट समोर असून कावळा शिवेना, हे त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. बाईचा जीव कशात तरी अडकलाय, असं ठरलं आणि एकेक जण वर तोंड करून तिला शब्द देऊ लागला. किशनराव म्हणाला, भाऊला उपाशी राहू देणार नाही. कोणी म्हणालं, तुळशीला पाणी घालू. (आमच्या दारात तुळस नाही, पुदिना आहे. तोही वाळलाय.) पलीकडच्या मालनबाई, शाळेतल्या बाई, त्याही आल्या. त्या बौद्ध. त्यांना बावीस प्रतिज्ञांत श्राद्धाची मनाई, मला दहा आज्ञांत. एकमेकांना ते सांगून झालं आणि दोघंही पुन्हा माना वर करून उभे राहिलो.

मान अवघडल्यावर मालनबाईंनी विचारलं, पानावर काय वाढलंय? मी सांगितलं. त्या माझ्याजवळ सरकल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, “दादा, सुकट तुम्हाला आवडते. बाई तर नाकाला पदर बांधून परतायच्या. आमच्या ओट्यावर येऊन बसायच्या वास जाईपर्यंत.”

मी म्हणालो, असं होय, मग गुलगुले. धुरपताबाई म्हणाली, तेबी तुमालाच. मी म्हणालो, वांग्याचं भरीत. तिनं नुसती मान हलवली. मग मीच तिला विचारलं, तुझ्या घरी रोज बसायची, काय मागून खायची? तिला आठवेना. सालूबाईला काही दिलं की ती वाटी झाकून घरी न्यायची, म्हणायची, यांना आवडंल. सगळी गल्ली आठवायला लागली, अक्का. कोणालाच आठवेना. मला फार शरम वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. भुताची नाही.

दिवस कलल्यावर लोक पांगले. पान मीच उतरवलं. अन्न टाकणं पाप म्हणून खायला बसलो. माझ्याच आवडीचं, तरी दोन घासांवर पान झाकून ठेवलं.

तर या पत्राचं कारण असं, की धुरपताबाई गप्प बसायला तयार नाही. ती म्हणते, गुरुवारी सर्वपित्री अमावस्या आहे, राहिलेल्या सगळ्यांचं पान त्या दिवशी चालतं, पुन्हा ठेवू. तुम्ही बायबलबाई म्हणून गावोगाव हिंडलात, तुमच्या शब्दाला वजन आहे. तिला वचनांसह एक कडक पत्र लिहा, की ख्रिस्ती घरावर असला प्रकार करायचा नाही.

तुमचा आज्ञाधारक,
यहेज्केल

ता. क. पाळकसाहेब भेटले तर यातलं काही सांगू नका. विचारलंच तर पत्रकं वाटली असं सांगा.

दुसरा ता. क. कडक पत्राची घाई नाही. अमावस्येनंतर लिहिलं तरी चालेल.

तिसरा ता. क. तुम्ही दोघी लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात एका ताटात जेवायच्या, असं ती सांगायची. तिथं ती तुमच्या वाट्याचं काय ओढून घ्यायची? तार करा. तारेत दुसरं काही नको, पदार्थाचं नाव तेवढं. आणि तुम्हालाही ठाऊक नसलं, तर तसं कळवू नका. पत्र पोचलं नाही असं मी समजेन.