दोन अटींची बेरीज

प्रिय खारूताई,

तुला वाटेल, रोज फोनवर टकळी लावणारी आजी आज कागद घेऊन कुठे बसली. सांगते, पण आधी मला माझं कौतुक करून घेऊ दे, या घरात ते करणारं दुसरं कोणी नाही. आजोबांना सांगितलं तर म्हणाले, छान, आता चहा टाक. अक्षराला हसू नकोस. तिसरीत शाळा सुटली तेव्हा जोडाक्षरं नुकती सुरू झाली होती, ती अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

तर बातमी अशी, की मी सूत्र लिहिलं. तू फोनवरून एकेक अक्षर सांगून लिहून घेतलंस ते नव्हे, त्याच्या पुढचं. माझं मी.

तुला आठवत असेल, आजोबांचं हृदय थकलंय म्हणून डॉक्टरांनी पिण्यावर माप घातलं. पाणी, चहा, दूध, सूप, सगळं धरून दिवसाला सव्वा लिटर, थेंबभर जास्त नाही. मी कॅलेंडरच्या पाठीवर बेरजा करायचे आणि कालचा चहा आजच्या पाण्यात जाऊन बसायचा. तुझ्या बाबानं तेव्हाच सांगून टाकलं, तुम्हा दोघांना एकटं राहणं झेपणार नाही, सामान बांधा आणि आमच्याकडे चला. तुमचं घर चांगलंच आहे गं, तुझी आई तर मला बसल्या जागी ताट देते. पण तिथे मला साखर कुठेय ते विचारावं लागतं. इथे सुईत दोरा ओवणं सोडलं तर मी सगळं डोळे मिटून करते. या घरातून मला उठायचं नव्हतं. म्हणून तू तुझा जुना टॅब दिलास आणि तो तक्ता आखून दिलास, तारीख, काय प्यायले, किती. वर कोपऱ्यात सूत्रानं आपोआप होणारी ती बेरीज.

खरं सांगू, पहिल्यांदा ती बेरीज बदलताना बघितली आणि मी हात जोडले. आजोबा हसले, म्हटलं हसा. तू सांगितलं होतंस, आजी, त्याला तीनच गोष्टी सांगायच्या, कुठे बघू, काय शोधू, आणि सापडलं तर कशाची बेरीज करू. बघ तारखांच्या रकान्यात, शोध आजची तारीख, मिळव तिच्या ओळीतला आकडा. दोरीवर अख्ख्या घराचे कपडे वाळत असावेत, आपण म्हणावं फक्त धाकटीचे काढून आण, आणि म्हणेपर्यंत घडी घालून हातात! कालपरवाचे पेले पुसले जात नाहीत, सगळे तिथेच असतात, पण विचारलं नाही तर बोलत नाहीत. आमच्या घराण्यात असं एक माणूस नाही. आणि सकाळी उठून बघावं तर कोपऱ्यात शून्य. तारीख उलटली हे त्याला कोण येऊन सांगतं गं? मी आधी टॅब उघडते, मग खिडकी.

मग झाली पंचाईत. मला हल्ली दुपारी जरा पडावं लागतं, तेव्हा ठरलं की जो ओतेल त्यानं लिहायचं. आजोबा स्वतःचं स्वतः घेऊ लागले. बेरीज तर अशी गुणी दिसायची की काय सांगू, संध्याकाळपर्यंत निम्मं माप शिल्लक. ते म्हणायचे, अगं, अजून पुष्कळ बाकी आहे, ओत अर्धा कप. आणि पाय बघावेत तर भरलेले, मोज्याची रेघ उमटून राहायची. दवाखान्यातल्या सिस्टरनं वजन केलं आणि भुवया वर केल्या. तुझ्या बाबाला कळलं. तो फोनवर आवाज न चढवता बोलला, आणि तो आवाज चढवत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते. म्हणाला, आई, आता बस. पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो.

मी आजोबांवर तुटून पडले. म्हटलं, चोरून पिता! लिहीत नाही! या वयात लाज नाही वाटत? ते बिचारे लालबुंद. म्हणाले, अगं, जन्मभर लोकांची औषधं मोजली, मी माझा पेला लपवीन होय? आणि टॅब माझ्यापुढे आपटला. बघते तर खरंच, प्रत्येक पेला लिहिलेला. वेळेवर, ओळीत, एकही गाळलेला नाही. मग बेरीज का वाढत नाही? मी त्यांना म्हटलं, माझ्यासमोर लिहा बघू. त्यांनी पाण्याचा पेला लिहिला. बेरीज ढिम्म हलली नाही. मी माझ्या हातानं एक लिहिला, बेरीज हलली. त्यांनी पुन्हा लिहिला, ढिम्म. म्हणजे यंत्र नवऱ्याचं ऐकत नाही आणि माझं ऐकतं! मला जरा बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

चष्मा पुसून एकेक चौकोन बघितला. मी लिहिते नुसतं १५०. आणि आजोबा काय लिहीत होते, १५० मिली. कंपाउंडर ना ते! आकड्यापुढे माप नसेल तर त्यांना घास गिळवत नाही. म्हणतात, नुसता आकडा लिहिला तर रोग्यानं चमचा समजायचं की बाटली? आणि ते यंत्र बापडं, आकड्याला शब्द चिकटला की त्याला आकडा मानतच नाही. कुरकुर नाही, तक्रार नाही, मुकाट्यानं पुढच्या ओळीवर जातं. मी आजच्या ओळींतला एकेक 'मिली' पुसत गेले आणि दर पुसण्यासरशी वरची बेरीज टुणकन उडी मारायची. जे जे प्यायलं होतं ते सगळं तिथेच बसलं होतं, हाक मारायची खोटी. शेवटी आकडा मापाच्या कितीतरी वर गेला आणि आजोबा हळूच म्हणाले, एवढं मी प्यालो? आता 'मिली' वर, रकान्याच्या डोक्यावर, एकदाच लिहिलंय. ते रोज त्यावर एक नजर टाकतात, म्हणजे त्यांना शांत झोप लागते.

त्यानंतर माप सांभाळलं, पाय उतरले. परवा पुन्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी टॅब हातात घेऊन वरून खालपर्यंत बघितला, म्हणाले, असंच ठेवलंत तर यांना घरीच राहू द्या, माझी हरकत नाही. माझा आनंद काय विचारतेस! उठून उभी राहिले, पर्स उचलली, आणि दारापर्यंत जाऊन चौकट धरून थांबले. डॉक्टर म्हणाले, आजी, जरा बसा बघू. दोन मिनिटं. मग माझे पाय बघितले, छातीला नळी लावली, आणि बराच वेळ ती काढलीच नाही.

म्हणून हे पत्र. फोन केला असता, पण हल्ली वाक्य संपायच्या आत दम संपतो आणि तू लगेच ओळखलं असतंस. कागदावर मध्ये थांबलेलं दिसत नाही. मलाही तेच माप घातलंय, सव्वा लिटर. घाबरू नकोस, गोळ्या सुरू आहेत, डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. तुझा बाबा या रविवारी न्यायला येईल तेव्हा त्याला मी स्वतः सांगणार आहे, त्याच्यापासून लपवायचं नाही. पण नुसतं रडतरडत सांगायचं नाही, दाखवून सांगायचं. तक्त्यात एक रकाना वाढवलाय, 'कोण'. एकाच यादीत आमच्या दोघांचे पेले, आणि सूत्राला दोन अटी, तारीख आजची हवी आणि माणूस हवा तोच. एका अटीच्या सूत्रात बेरजेचा रकाना शेवटी सांगायचा, यात यंत्र तो आधी मागतं, अटी मागून. तेवढ्यानं माझा सकाळचा अख्खा वेळ खाल्ला. पण झालं. एवढ्या वर्षांच्या संसारात कोणाचा चहा कोणाच्या कपात गेला ते आम्हाला सांगता येत नाही, आणि ते वेगळं काढून शेजारी शेजारी दाखवतं, हे तुमचे, हे त्यांचे. मी बघतच बसले. आजोबाही बघत बसले, आणि मग त्यांनी माझ्या पेल्यातलं पाणी मोजून मला दिलं, आणि माझ्या नावापुढे स्वतः लिहिलं, नुसता आकडा. तर रविवारी बाबा इथे आला की तू तिकडे तुझ्या फोनवर तक्ता उघड आणि सूत्र तपास. चुकलं असेल तर फोन करून त्याच्यासमोर सांग, मी तिथल्या तिथे दुरुस्त करीन. आणि बरोबर असेल तर एवढंच म्हण, बाबा, आजीला जमतंय.

तुझीच,
मोजून पिणारी आजी