काळपोट्या

माय, तू नदीतून मडकं भरून आणत होतीस आणि मी डांगराच्या वेलांच्या बुडाशी ओंजळीनं पाणी घालत होते. धाम नदीच्या वाळूतली आपली डांगरवाडी, खरबुजांची, थंडीची सकाळ. आदल्या दिवशी पहिलंवहिलं मतदान झालेलं, तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची. तुझ्या बोटावर शाई तशीच. बा गोफण घेऊन आला. "सांग, कोनाच्या पेटीत चिठ्ठी टाकली?" तू म्हणालीस, "ते सांगाचं नसते म्हने. सायबानं सांगतलं." "थो सायब पोसते काय तुले?" म्हणत त्यानं तुला केसांना धरून वाळूत पाडलं, तोंडावर लाथ मारली. मडकं फुटलं. तू वाळू थुंकलीस, तिच्यात रक्त होतं. तो पुन्हा पाय उचलतोय आणि मी ओरडते, "बा, मासेचोर!"

पाण्यावरून एक पाखरू येत होतं. पुस्तकात त्याला सुरय म्हणतात, हे नवरा गेल्यावर माझी मीच वाचायला शिकले तेव्हा कळलं. आपल्याला दोनच ठाऊक. मोठा, तो मासे पळवतो म्हणून बा त्याला गोफणीनं मारायचा. लहान तो काळपोट्या, वेलांवरचे किडे टिपणारा, त्याला हात लावायचा नाही. थंडीत त्याचं काळं पोट पांढरं होतं आणि दोघं सारखे दिसतात. तेव्हा चोच पाहायची, हे तूच शिकवलंस. मोठ्याची जाड, पिवळी. काळपोट्याची बारीक, केशरी.

बाचा दगड नेमका बसला. पाखरू वाळूत पंख आपटत राहिलं. त्यानं ते उचललं, तर पोटावर काळे ठिपके उरलेले, काळपोट्याच. "आंधळी हायेस काय?" म्हणून गोफणीच्या दोरीनं त्यानं माझी पाठ सोलून काढली आणि दमून निघून गेला. तुझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. फुटल्या ओठानं तू माझ्या पाठीवर ओला पदर टेकवत होतीस. "चोच पाहाची नं बाई. काऊन नाई पाह्यली?" पुढं जन्मभर आल्यागेल्याला सांगायचीस, "माया पोरीले पाखरं वळखता येत नाई," आणि मीही हसायची. तू गेलीस तीही तसंच समजून.

हे पत्र कुठंच जायचं नाही, म्हणून लिहिते. मी चोच पाहिली होती, माय. केशरी होती. मोठा एकही दिसत नव्हता आणि बाचा पाय वर होता.

दुसऱ्या दिवशी बानं पुन्हा विचारलं, कोणाच्या पेटीत. तू पुन्हा म्हणालीस, सांगाचं नसते. मी आणखी एक काळपोट्या दाखवला.