बुबूच्या खांद्यावरची बोटं

उनाइसी,

रात्रपाळी करून मेल्यासारखी झोपलीयेस, म्हणून हाक मारली नाही. कसावा उकडून झाकून ठेवलाय. मी समुद्रावर जाऊन बसतो. घर पाहुण्यांनी भरलंय आणि मला आता बोलायचाही कंटाळा आलाय.

सुवाच्या छापखान्यातून गुरदयालचा फोन आला होता. शोक उतरवायच्या दिवशी आपण सगळे एकसारखे शर्ट घालणार, त्यांवर छापायला तू पाठवलेला तुझ्या बुबूचा फोटो या वेळी मोठा नि स्वच्छ आलाय म्हणे. मागच्या फोटोत बिचारी आजी धुक्यात हरवली होती.

पण तिच्या खांद्यावर चार बोटं राहिलीत. "ही कोणाची हो, काका? पुसून टाकू?"

मी म्हटलं, "तिचीच. तिला तीन हात होते. दोन चटया विणायला, तिसरा माझा कान धरायला."

हसला लेकाचा, पण म्हणाला, उनाइसीनं सांगितल्याशिवाय छापणार नाही. दुपारपर्यंत त्याला कळव, नाहीतर शनिवारी शर्ट मिळायचे नाहीत.

शोकाच्या कपड्यावर जिवंत माणूस नको, असं तुझ्या मामानं बजावलं, म्हणून तू फोटोतून मला कापलंस. बरोबर केलंस. हे थोबाड तसंही छापण्यासारखं नाही. बोटांवरून मामा ओरडला, तर त्यालाही तीन हातांचंच सांग.

बोटं मात्र पुसू देऊ नकोस, पोरी. तिच्या खांद्यावरचा हात मी अजून काढलेला नाही.

तुझा म्हातारा आजोबा